आतोबांची रबरी चाकं

धारवाड-हुबळीच्या टापूत इतर कुणालाही नको असलेली एकही वस्तू अशी नव्हती, की जी आमच्या आतोबांना नको होती. आतोबा म्हणजे माझ्या थोरल्या आत्याचे यजमान. सगळी नोकरी त्यांनी धारवाडच्या दिवाणी कोर्टात नाझर म्हणून केली. कोर्टाचा हुकूम घेऊन लोकांच्या घरी जायचं, भांडीकुंडी, कपाटं, पलंग जप्त करून आणायचे आणि उघड्यावर उभं राहून त्यांचा लिलाव पुकारायचा, हे नाझराचं काम. अशा कामाने माणूस एक तर दगड होतो, नाहीतर देवभोळा. आतोबांचं तिसरंच काहीतरी झालं. ज्याचं घर जप्त झालं त्या माणसाची कीव कुणालाही येते. आतोबांना जप्त झालेल्या वस्तूंची कीव यायची. एखाद्या खुर्चीला बोलीच आली नाही, की त्या दिवशी त्यांना जेवण जात नसे. "दिवसभर उन्हात उभी होती बिचारी," ते आत्याला सांगायचे, "कुणी हात लावून बघितलंसुद्धा नाही." आत्या म्हणायची, "अहो, खुर्ची ती. तिला काय कळतंय?" पण खुर्चीला कळत असणार याबद्दल आतोबांची खात्री होती. नाझराला स्वतः बोली लावायची मनाई होती, म्हणून इतकी वर्षं हे प्रकरण हळहळीवर निभावलं.

पेन्शन झाली आणि मनाई उठली. मग मात्र मळमड्डीतल्या त्यांच्या घरात वस्तू अशा येऊ लागल्या, जणू त्यांना कुणीतरी पत्ताच देऊन ठेवला होता. एक हात तुटलेली न्हाव्याची खुर्ची आली. आरसा नसलेलं आरशाचं कपाट आलं. बुडालेल्या एका नाटक कंपनीचा राजवाड्याचा पडदा आला, त्यातला अर्धाच राजवाडा शिल्लक होता. आत्याने त्याची दुहेरी गोधडी शिवली आणि पाहुणे आले की ती गंभीर चेहऱ्याने म्हणायची, "तुमची सोय राजवाड्यात केलीय." आतोबांची भाषाही पेन्शनीत निघाली नव्हती. ताप आला तर ते आंघोळ 'तहकूब' करायचे. भाजी अळणी झाली तर 'तक्रार दाखल करून घ्यावी' म्हणायचे. मी त्या वेळी हुबळीला लॅमिंग्टन रोडवरच्या एका शाळेत मास्तर होतो, आणि बिऱ्हाड नसल्यामुळे आत्याकडे राहून रोज आगगाडीने जाऊन-येऊन करायचो. पहिल्या आठवड्यात मी अर्धपोटी राहिलो. कारण पंगतीत भाताचं पातेलं फिरलं की आतोबा पुकारायचे, "भात कुणाला? एक वार... दोन वार..." आणि मी भिडेनं गप्प राहिलो, की तिसऱ्या वाराला भात त्यांच्या पानात. पुढे मीही निर्ढावलो आणि पहिल्याच वाराला ओरडायला शिकलो.

आत्याचं मात्र एक दुखणं होतं आणि त्याला कुणी हसत नसे. माझ्या लहानपणी कधीतरी ती माहेरच्या गावाहून बैलगाडीने येत असताना वाटेतल्या ओढ्यात गाडी उलटली आणि तिच्या कमरेला मार बसला. घरात ती कमरेवर हात ठेवून हिंडायची-फिरायची, पण गाडीचा हादरा सोसेना. टांग्यात बसून कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत गेली तरी पुढे आठवडाभर पडून राहायची. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, "पुन्हा गाडीत बसलात तर अंथरूण धराल." माहेरी तिची एकच थोरली बहीण उरली होती. ही अक्का बालविधवा. अळणावरच्या अलीकडे, रेल्वेपासून आत एका खेड्यात, वडिलांची शेती सांभाळत होती. उतारवयात तिचे डोळे गेले, तेव्हापासून ती घराचा उंबरा ओलांडेना. एकीला बसवेना, दुसरीला दिसेना. अक्काचा गाडीवान यल्लप्पा बाजारच्या दिवशी जोंधळा घेऊन धारवाडला यायचा, तोच दोघींचा दुवा. यल्लप्पा कानडीत बोलायचा, आम्ही मराठीत ऐकायचो. अक्काने विचारलंय, तिखट संपलं का? आत्याने सांगितलंय, पायाला तेल लाव. बहिणीबहिणींचं सगळं बोलणं अशा रीतीने एका मिशाळ बाप्याच्या तोंडून चालायचं, आणि त्यात जे सांगता येत नाही ते अर्थातच राहून जायचं.

दुसरी मोठी लढाई संपली आणि हुबळीला फौजेच्या जुन्या सामानाचे लिलाव निघाले, तेव्हा आतोबांच्या अंगात वारं शिरलं. एका शनिवारी शाळा सुटल्यावर मीही त्यांच्याबरोबर गेलो. माळावर तंबू, दोरखंड, डेगी, डबे यांचे ढीग लागले होते. हुबळीचे व्यापारी त्यांतून फिरत होते. एका कडेला दोन चाकांचा एक ट्रेलर उभा होता. मोटारीच्या मागे जोडून ओढायची ती गाडी, वर चारी बाजूंनी पत्र्याचा हौदा, रंग हिरवट-मातकट. टायर इतके कुजले होते की त्यांच्या भेगांतून गवत आलं होतं. व्यापारी येत, चाकाला लाथ मारत आणि पुढे जात. आतोबा तिथे थांबले. मला वाटलं, आली कीव. पण या खेपेला ते कीव आल्यासारखे दिसत नव्हते. ते हौद्याच्या काठाला धरून वर चढले, उभे राहिले आणि गुडघे वाकवून हलकेच दाब देऊ लागले. ट्रेलर खाली गेला, वर आला. पुन्हा खाली गेला, वर आला. साठीच्या पुढचा, डोक्याला रुमाल बांधलेला, उपरणं घेतलेला गृहस्थ माळावर भर दुपारी असा झोके घेताना बघून लोक जमले.

"आतोबा, उतरा की खाली," मी म्हणालो.

"अरे, याला कमानी आहेत," ते म्हणाले. "चांगल्या पोलादी कमानी. बघ, हादरा खाऊन टाकतोय."

लिलाव पुकारणाऱ्या साहेबाने ट्रेलरचं नाव घेतलं, आणि आतोबांनी बोली लावली. दुसरी बोली कुणीच लावली नाही. साहेबाने एक वार, दोन वार म्हटलं, पण त्याच्या पुकारण्यात जीव नव्हता. आतोबांनी त्याला थांबवून सांगितलं, "असं नाही. तिसऱ्या वाराच्या आधी दम घ्यायचा. माणसाला पश्चात्ताप करायला सवड द्यावी लागते." साहेबाने दम घेतला. कुणाला पश्चात्ताप झाला नाही. ट्रेलर आतोबांचा झाला.

घरी येऊन त्यांनी ही बातमी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून दिली. आत्याला ऐकू कमी येत नव्हतं, पण फोडणी चालली होती.

"टेलर घेतला?" ती म्हणाली. "अहो, शिंपी कुणी लिलावात विकतं का?"

"ट्रेलर. मोटारीच्या मागे असतो तो."

"मग पुढची मोटार कुठंय?"

"मोटार नाही. बैल जोडायचे. रबरी चाकं, पोलादी कमानी. हादरा म्हणून लागत नाही बघ. तू यात बसून अक्काकडे जायचंस."

आत्याने पळी खाली ठेवली. मग म्हणाली, "त्यातनं काय काय वाहून नेलं असेल पलटणीनं, कुणास ठाऊक. मी नाही बसायची." आणि पुन्हा फोडणीकडे वळली. ती घाबरली होती, हे मला त्या वेळी कळलं नाही. आतोबांना कळलं असावं, कारण ते वाद न घालता पाटावर जाऊन बसले आणि त्या दिवशी त्यांनी भाताचा लिलाव केला नाही.

ट्रेलर हुबळीतल्या एका मिस्त्रीच्या छपरात नेऊन ठेवला होता. हा मिस्त्री म्हणजे आतोबांना शोभेल असाच भेटला. त्याला काहीही विचारा, तो म्हणायचा, "आगतैति." म्हणजे होतंय. चाकं बदलतील का? आगतैति. बैलांसाठी दांडी बसेल का? आगतैति. होणार नाही असं जगात काही असतं, यावर त्याचा विश्वास नव्हता, आणि त्यामुळे पुष्कळ गोष्टी त्याच्या हातून होत नसत. त्याने जुनी चाकं उतरवली तेव्हा लोखंडी कडाच गंजून कागदासारख्या झाल्या होत्या. म्हणजे नुसते टायर नव्हे, चाकंही नवी हवीत. चाकं त्याने एका लॉरीवाल्याकडच्या न वापरलेल्या जोडीतून मिळवून दिली. टायरांचं मात्र तसं नव्हतं. लढाई संपली तरी टायर परमिटावाचून मिळत नसत, आणि परमिट द्यायला धारवाडच्या कचेरीत एक साहेब बसले होते.

या साहेबांशी आतोबांचं पहिलं बोलणं झालं, तेव्हा मी बरोबर होतो.

"गाडी कसली?" साहेबांनी विचारलं.

"दोनचाकी ट्रेलर."

"कुठल्या मोटारीला जोडता?"

"बैलांना जोडतो."

साहेबांनी चष्मा काढला. "बैलगाडीला टायरचं परमिट? उद्या टांगेवाला येईल, परवा हातगाडीवाला येईल. टायर मोटारींना आहेत. तुमच्या गाडीला इंजिन आहे का?"

"इंजिनाला कुठे टायर लागतात? टायर चाकांना लागतात. चाकं आहेत," आतोबा म्हणाले. हा मुद्दा त्यांना बिनतोड वाटला. साहेबांना वाटला नाही.

दुसरा कुणी असता तर घरी बसला असता. पण आतोबांचं आयुष्य कचेरीच्या बाकांवर गेलेलं. त्यांना तिथे बसून राहण्याचा त्रास होण्याऐवजी घरी आल्यासारखं वाटू लागलं. ते रोज सकाळी जेवून, रुमाल बांधून कचेरीत जाऊन बसायचे. बाहेर लॉरीवाले, बसवाले, डॉक्टर असे सगळे एकमेकांना ढकलत उभे असत, आणि शिपाई ज्याच्यावर मर्जी होईल त्याला आत सोडी. आतोबांना ही बेशिस्त बघवेना. त्यांनी आधी लोकांना रांगेत उभं केलं. मग प्रत्येकाचा अर्ज हातात घेऊन त्यात काय राहिलंय ते ते सांगू लागले. आणि अखेर ते दारात उभे राहून, कोर्टात पुकारायचे त्या खणखणीत आवाजात, ज्याची पाळी त्याचं नाव पुकारू लागले. शिपाई खूश झाला, कारण त्याला बसायला मिळालं. साहेबांचं संध्याकाळपर्यंत चालणारं काम दुपारच्या चहाला संपू लागलं. सगळ्यात शेवटी आतोबा स्वतःचंच नाव पुकारायचे, आत जायचे, आणि साहेब "नाही" म्हणाले की नमस्कार करून बाहेर यायचे. पुढे पुढे "नाही" म्हणताना साहेबांची नजर खाली जाऊ लागली.

एकदा शाळेला सुट्टी म्हणून मीही बरोबर होतो, त्या दिवशी साहेबांनीच विचारलं, "नाझरसाहेब, ही गाडी तुम्हाला हवी तरी कशाला?"

आतोबांनी सांगितलं. आत्याची कंबर, अक्काचे डोळे, मधला ओढा, सगळं सांगितलं. कोर्टाची भाषा न वापरता त्यांना बोलताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं. साहेब ऐकून घेऊन म्हणाले, "माणसं वाहायला मला देता येत नाही. शेतमाल वाहणाऱ्या गाडीला देता येईल. तुम्ही शेतमाल नेता का?"

"यल्लप्पा जोंधळा आणतो," आतोबा म्हणाले. "परत जाताना पेंड नेतो."

"मग पेंडीच्या पोत्यांवर कोण बसलंय, ते बघायला मी ओढ्यापर्यंत येणार नाही," साहेब म्हणाले आणि त्यांनी सही केली.

घरी हे ऐकल्यावर आत्या भडकली. "म्हणजे मी शेतमाल?" आतोबा म्हणाले, "कागदोपत्री." त्या रात्री आमटीत मीठ नव्हतं आणि तक्रार दाखल करण्याची कुणाची छाती झाली नाही.

टायर आले. काळेभोर, नवे, रबराच्या वासाचे. आतोबांनी ते चाकांवर चढवण्याआधी मांडीवर घेऊन बसून हात फिरवून बघितले. मिस्त्रीने ट्यूब घालून हवा भरली, चाकं उचलून ट्रेलरला लावायला गेला, आणि थांबला. ट्रेलरच्या बाजूला पाच बोल्ट होते आणि नव्या चाकांना सहा भोकं होती. "मिस्त्री, हे कसं?" आतोबांनी विचारलं. मिस्त्री म्हणाला, "आगतैति." त्याने चाकांना आणखी भोकं पाडली. काही जुन्या भोकांत घुसली, काही तिरकी गेली. डाव्या चाकाचे नट तर उलट्या आट्यांचे निघाले, उजवीकडच्यासारखे फिरवले तर आवळायच्या ऐवजी अडून बसणारे. मिस्त्रीला ते पटलं नाही. त्याने पान्यावर उभं राहून, आपलं सगळं वजन टाकून, नट आपल्याला हव्या त्या दिशेनेच फिरवले. काहीतरी कडकडलं. "बसलं," तो समाधानाने म्हणाला.

त्या रविवारी यल्लप्पा आपले बैल घेऊन हुबळीला आला. सुताराने दांडी आणि जू बसवून दिलं होतं. आतोबा पेंढा टाकलेल्या हौद्यात नाटक कंपनीच्या सेनापतीसारखे उभे राहिले, मी मागे बसलो आणि आमची स्वारी धारवाडच्या रस्त्याला लागली. खरोखर हादरा म्हणून लागत नव्हता. उणकलच्या तळ्यापर्यंत आतोबा सारखे मला विचारत होते, "लागला का? आता लागला का?" तळ्याशी रस्ता थोडा उतरता आहे. तिथे मला आमच्या डाव्या बाजूने एक चाक पुढे जाताना दिसलं. छान सरळ चाललं होतं. ते कुणाचं असेल याचा विचार मी करतोय तोवर आमचा ट्रेलर डावीकडे बसला. आतोबा पेंढ्यात आडवे झाले, आणि ते चाक बैलांना मागे टाकून, उतारावरून वेग घेत, धुणं धुणाऱ्या बायकांच्या मधून उडी मारून तळ्यात शिरलं. बायका ओरडल्या. चाक बुडालं नाही. हवा भरलेलं होतं, ते आडवं होऊन डुलत राहिलं.

यल्लप्पा तळ्यात पोहून ते ढकलत काठाला घेऊन आला. आतोबा दगडावर बसले होते. मला वाटलं आता ते चिडतील, मिस्त्रीला शिव्या देतील. पण ते भेदरलेले दिसत होते.

"ती आत असती तर?" ते म्हणाले.

बस्स, एवढंच. मग ट्रेलर दुसऱ्या गाडीवर घालून पुन्हा मिस्त्रीकडे गेला आणि आम्ही धारवाडला आलो. आत्याला चाक निसटल्याचं सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं. पण चिखलाने माखलेल्या कपड्यांनी यल्लप्पा दारात आला आणि आम्ही मराठीत काही जुळवायच्या आत त्याने कानडीत सगळं सांगून टाकलं.

या खेपेला आतोबा मिस्त्रीच्या छपरातच मुक्कामाला बसले. मिस्त्री "आगतैति" म्हणाला की ते विचारायचे, "कसं?" हा प्रश्न मिस्त्रीला जन्मात कुणी विचारला नसावा. तो वैतागला, एक दिवस छपराकडे फिरकलाच नाही, पण अखेर दोघांनी मिळून खडूने जमिनीवर काढत काढत तोड काढली. ट्रेलर आणि चाक यांच्यामध्ये जाड लोखंडाची एक तबकडी घालायची. तिला आतल्या बाजूने ट्रेलरचे पाच बोल्ट, बाहेरच्या बाजूने चाकाचे सहा. लेथवर ती दोन्ही चाकांसाठी कातून घेतली, बोल्ट नवे घातले, आणि डाव्या बाजूचे नट उलट्या आट्यांचेच ठेवून उलटेच आवळले. आतोबांना ती तबकडी फार आवडली. "वादी-प्रतिवादींना एकमेकांचं तोंड बघायला नको," ते म्हणाले, "दोघांनी मधल्याशी बोलावं. असा समेट मला कोर्टात साधला नाही कधी."

ट्रेलर दारात येऊन उभा राहिला, पण आत्या खिडकीतूनसुद्धा त्याच्याकडे बघेना. तशात यल्लप्पा निरोप घेऊन आला, की अक्काला ताप भरतोय, पेज घेते, बोलते थोडं, आणि सारखी आत्याचं नाव घेते. आत्या आत जाऊन देवापाशी बसली. आतोबा दारात घुटमळले. "अगं, चल," एवढंच म्हणाले. ती म्हणाली, "मला भीती वाटते हो." इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य तिने त्यांना प्रथमच ऐकवलं असावं. आतोबांनी तिला समजावलं नाही. ते बाहेर आले, हौद्यात पेंढा पसरला, त्यावर गादी टाकली, तिच्यावर अर्ध्या राजवाड्याची गोधडी घातली, स्वतः आडवे झाले आणि यल्लप्पाला म्हणाले, "फिरव. खड्डे सोडू नकोस. मुद्दाम खड्ड्यांतून घे."

यल्लप्पाने ट्रेलर मळमड्डीच्या सगळ्या गल्ल्यांतून, मुरमाच्या ढिगावरून, चरीवरून फिरवला. शेजारीपाजारी ओट्यांवर आले. आत्याही शेवटी दारात आली. ट्रेलर परत येऊन दारात थांबला, तरी आतोबा उठेनात. आम्ही वाकून बघितलं. ते तोंड उघडं टाकून घोरत होते. मुद्दाम नव्हे. आठवडाभर मिस्त्रीच्या छपरात त्यांना झोप मिळाली नव्हती. आत्या कमरेवर हात ठेवून बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "माझं लुगड्याचं गाठोडं बांध. आणि यांना उठवू नको. तसंच बसते मी कडेला."

पहाटेच्या गारव्यात निघायचं म्हणून ते गाठोडं रात्रभर दाराशी राहिलं, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. कागदाला धरून पेंडीची पोती खाली, गादी वर, गादीवर आत्या, तिच्या पायाशी आतोबा. मी बैलांच्या मागे यल्लप्पापाशी. धारवाड मागे पडलं तशी आत्या हळूहळू मोकळी झाली. इकडे कुणाचा मळा होता, तिकडे कुठली चिंच होती, हे ती मला सांगू लागली. निम्म्या गोष्टी जागेवर नव्हत्या. ओढा जवळ आला तशी तिने हौद्याचा काठ धरला. पाणी फार नव्हतं, पण काठ खोल होता आणि वाट तिरकी उतरत होती. "थांबव," ती म्हणाली. "मी उतरते." पण उतरून ती जाणार कुठे? तिला ओढा चालून जाता येत नव्हता, हे तिलाही ठाऊक होतं.

आतोबा खाली उतरले. वहाणा काढल्या, धोतर खोचलं आणि डाव्या चाकापाशी जाऊन हौद्याच्या काठावर हात ठेवून उभे राहिले.

"अहो, तुम्ही वर बसा की," आत्या म्हणाली.

"मी चाकाबरोबर चालतो."

"घसराल."

"घसरलो तर तू सांग," ते म्हणाले. "तुझं लक्ष असू दे माझ्याकडे. पाण्याकडे बघू नको."

यल्लप्पाने बैलांना नुसतं चुचकारलं. ट्रेलर उतरला, पाण्यात शिरला, एका बाजूला कलला, कमानीवर दबला आणि सावरला. आत्याचं लक्ष आतोबांच्या पायांवर होतं. "दगड आहे," ती म्हणाली. "आता खळगा. उजवीकडे घ्या. अहो, उजवीकडे!" पलीकडच्या काठावर आलो तेव्हा ती अजूनही त्यांना दगड दाखवतच होती. ओढा मागे पडला हे तिला जरा उशिराच समजलं.

गावात शिरलो तेव्हा ऊन तापलं होतं. अक्काचा ताप आदल्या रात्री उतरला होता आणि ती ओसरीच्या कट्ट्यावर भिंतीला टेकून बसली होती. वाटेकडे कान लावून बसली होती, हे तिच्या मानेवरून दिसत होतं. पण बैलगाडीच्या लोखंडी धावेचा जो खडखड आवाज अर्ध्या गावाला ऐकू जातो, तो आमच्या गाडीला नव्हता. ट्रेलर थेट अंगणात येऊन उभा राहिला तरी तिला कळलं नाही. आतोबांनी आणि मी आत्याला धरून उतरवलं. ती कमरेवर हात ठेवून पाच-दहा पावलं चालली आणि बहिणीसमोर उभी राहिली. तिला हाक मारवेना.

कुणीतरी समोर आलंय हे अक्काला जाणवलं. गावातलं कुणी असेल म्हणून तिने कानडीतच विचारलं, "यारु बंदीरि?" कोण आलंय?

"मी," आत्या म्हणाली.

अक्काचा हात पुढे आला. आत्याच्या हातावर, बांगड्यांवर, खांद्यावर, मग तोंडावर फिरला. "खोटं," ती म्हणाली. "गाडी कुठं वाजली? मी सकाळपासनं ऐकतेय की." आणि हात तिथेच ठेवून ती रडायला लागली. आत्या तिच्या शेजारी कट्ट्यावर बसली. आम्ही अंगणातच उभे होतो. घरात चला म्हणायला कुणाला सुचलं नाही. आतोबांनी यल्लप्पाला बैल सोडायला सांगितलं आणि स्वतः बादली घेऊन चाकांचा चिखल धुवायला बसले. चाकं स्वच्छ झाली तरी धुतच होते.

त्यानंतर अक्का होती तोवर दर सुगीला आणि दर चैत्रात ही खेप झाली. अक्का गेली, तेव्हाही आत्या त्याच गाडीतून गेली. तेरावा उरकून आल्यावर म्हणाली, "आता कुठं जायचं राहिलं नाही." मला वाटलं, ट्रेलर आता परसात कोंबड्यांना मिळणार.

पुढे माझी बदली झाली. दोन-तीन वर्षांनी दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी मी न कळवता धारवाडला गेलो, तर घराला कुलूप. ओट्यावर बसून राहिलो. दिवेलागणीला यल्लप्पाचे बैल गल्लीच्या तोंडाशी दिसले. हौद्यात दोघं समोरासमोर बसली होती. आत्या पुष्कळ वाकली होती. आतोबांचा रुमाल सैल झाला होता. मी तिला धरून उतरवलं आणि विचारलं, "कुठं गेला होता?"

"कुठं नाही," आतोबा कुलूप काढता काढता म्हणाले. "असंच."

"असंच म्हणजे?"

"गावाबाहेर जाऊन आलो," आत्या म्हणाली. ती पायरीवर टेकली होती. तोंडावर वाटेची धूळ होती आणि ती पुसायची तिला घाई दिसत नव्हती. "जोंधळा पोटरीला आलाय. तेवढा बघितला."